तुझ्या पायांना ऊन लागत नव्हतं तेव्हा

वहिनी, तुझ्या पादुका बसवायच्या म्हणतात.

हसू नकोस, खरं सांगते आहे. काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडले होते, आणि मोहल्ल्यातल्या बाया घोळक्यानं ओसरीवर आल्या. पुढे अर्थातच शेजारची कौसाबाई. पदर सावरून, घसा साफ करून ती म्हणाली, "मास्तरीणबाई, आमी सगळ्यायनं ठरवलं. मातामायच्या ओट्यापाशी काकूच्या पादुका बसवायच्या. चांगल्या संगमरवराच्या. तुमी अन् भाऊ फक्त हाव म्हणा, बाकी आमी पाहून घेतो."

मी 'उद्या सांगते' म्हणून वेळ मारून नेली. आज दुपारी चारला त्या पुन्हा येणार आहेत. दादाला विचारलं, तर तो माजघरात भिंतीला पाठ लावून बसलेला. "तुह्यी वहिनी होती, तूच पाह्य," एवढंच म्हणाला. जशी काही तू त्याची कोणीच नव्हतीस! पण त्याचा आवाज ऐकून मी पुढे बोलले नाही. आता जेवणं झाली आहेत, दादाचा जरा डोळा लागला आहे, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी वही घेऊन तुलाच विचारते आहे. दुसऱ्या कोणाला विचारणार? आजवर कुठे अडलं की सौंसरच्या स्टँडवरून पांढुर्ण्याची बस धरायची आणि इथे येऊन पाट ओढून बसायचं, एवढंच मला येत होतं. वर्गातल्या पोरी माझ्या नुसत्या चपलेच्या आवाजानं गप्प होतात. तुझ्याकडे आले की मात्र तू बटाटे पुढ्यात टाकायचीस आणि मी मुकाट्यानं सोलायची.

मी वयानं लहान असून तुला 'तू' म्हणायची आणि तू मला 'तुमी'. नणंद-भावजयीची ही रीत बदलू या, असं मी कितीदा म्हटलं. तू म्हणायचीस, "राहू द्या बाई, तुमाले 'तू' म्हटलं तं मले भांडताच येणार नाई." आणि भांडायचं तर आपल्याला रोजच होतं.

तुझ्या पायांवरून चाललेलं भांडण मात्र आपलं अर्धंच राहिलं. तेव्हा आधी सगळं पहिल्यापासून आठवू दे, म्हणजे मला उत्तर सापडेल.

तुझ्या पायांची कीर्ती व्हायच्या आधी या मोहल्ल्यात तुला किती मान होता, हे तुला माहीत आहे आणि मलाही. तुझ्या पोटी मूल नाही. तोंडावर कोणी काही बोलत नसे, आपली माणसं तशी सभ्य. फक्त नव्या नवरीची ओटी भरायची वेळ आली की तुझ्या हातातलं तबक हळूच दुसरीकडे जायचं. तू लगेच पाणी आणायला उठायचीस. लोक म्हणायचे, भाऊची बायको कामाला किती तत्पर! मी एकदा तुझ्यामागे स्वयंपाकघरात आले होते. तू भरलेल्या माठात आणखी पाणी ओतत उभी होतीस, आणि ते खाली सांडत होतं.

मग ते चैत्रातलं पाणी आलं. आपल्याकडे मातामाय देवीला पाणी घालायचं ते भर दुपारी आणि अनवाणी. माय तापलेली असते, तिला निववायचं तर आपणही तापायला हवं, असा हा न्याय. जाम नदीच्या पात्रातून कळशी भरायची, डांबर पाघळलेली सडक ओलांडायची, आणि ओट्याभोवतीच्या काळ्या फरशीवर उभं राहून कडुलिंबाच्या डहाळीनं पाणी शिंपायचं. त्या फरशीवर बाया अक्षरशः नाचतात. एक पाय खाली, एक वर. पाणी घातलं न घातलं की पळाल्या सावलीत. त्या वर्षी मी सुट्टीवर आले होते आणि सावलीतच उभी होते, कारण मी अशा कामात पहिल्यापासून भित्री. तू फरशीवर गेलीस आणि उभी राहिलीस. सावकाश कळशी वाकवलीस, धार मोडू दिली नाहीस, हात जोडलेस, डोळे मिटून काहीतरी पुटपुटलीस. कौसाबाई तुझ्या शेजारीच उभी होती, ती ओरडली, "पाह्य वं, पाह्य! काकूले लागूनच नाई राह्यलं!"

झालं. पुढच्या मंगळवारी कोणाची तरी सून नमस्काराला आली. मग तापानं फणफणलेलं पोर घेऊन एक बाई आली, तुझे पाय धुतलेलं पाणी मागायला. तू आधी घाबरलीस, मग लाजलीस, मग दिलंस. आणि बघता बघता ओटीचं तबक तुझ्याकडे येऊ लागलं. नुसतं येऊ लागलं नाही, सगळ्यांत आधी येऊ लागलं.

पाणी घातलं त्याच दुपारी मी तुझे तळवे पाहिले होते. अंगणात पाय पसरून तू गुळपापडी खात बसली होतीस, आणि तळव्यांवर पापडासारखे फोड आलेले. मी किंचाळलेच. तू वाकून पाहिलंस, जसं दुसऱ्याच कोणाचं काही पाहावं. "दुखून नाई राह्यलं बाई. खरंच. मायनं पाय राखले माह्ये." तुझ्या तोंडावर असा आनंद होता की मला पुढे बोलवेना. लग्नातल्या फोटोतसुद्धा तू एवढी खुललेली नाहीस.

पण माझं डोकं मास्तरणीचं, ते गप्प कसं बसणार? मला आठवायला लागलं. त्याच्या आधी वर्षभर तू पायांत मुंग्या येतात म्हणत होतीस. तळपायांची आग होते म्हणून ओलं फडकं गुंडाळून बसायचीस. मग एकाएकी ती आग थांबली आणि तू म्हणालीस, बरं झालं, गुण आला. आणि ती एका चपलेची गंमत! माझ्याकडे सौंसरला आलीस, स्टँडवरून घरापर्यंत आलीस, उंबऱ्याशी मी पाहते तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय रिकामा. चप्पल बसमध्येच राहिलेली, आणि तुला पत्ता नाही. आपण पोट धरधरून हसलो. मी तर ती गोष्ट शाळेतल्या बायांना आठवडाभर सांगत होते. त्या चपलेचा अर्थ फोड पाहिले तेव्हा मला लागला.

तुझ्या उपासांबद्दल तर मी किती बोलले असेन. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. ज्या दिवशी उपास नसेल त्या दिवशी बिचारी तू पोळी-भाजीवर भागवायचीस. उपासाला मात्र साबुदाण्याचे वडे, शिंगाड्याचा शिरा, तुपातले बटाटे, केळ्याचं शिकरण, आणि दादा बाजारातून येताना आणायचा ते पेढे. उपास करून करून अंगानं दुप्पट झालेली दुसरी बाई या तालुक्यात नसेल. मी तसं म्हटलं की तू म्हणायचीस, "देवासाठी खाते, बाई. मले काय कमी आहे खायाची हौस?" आणि वडा माझ्या तोंडात कोंबायचीस.

मग टाचेत बाभळीचा काटा गेला. किती दिवस आत होता देव जाणे. तू लंगडतही नव्हतीस. पाटावर पाय ठेवताना मला टाचेखाली काळं दिसलं. चिमट्यानं ओढला तर काट्यामागून पू आला. आणि तू शांतपणे डाळ निवडत विचारते आहेस, "निघाला?" वहिनी, मला त्या क्षणी तुझी इतकी भीती वाटली! चिमटा फेकून मी भांडायलाच उठले. म्हटलं, "ही कृपा नाही, तुझ्या पायांच्या नसा मरायला टेकल्या आहेत. उद्या पाय कापावा लागला तर मातामाय कुबड्या देणार आहे का?" तू सूप खाली ठेवलंस. म्हणालीस, "तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाले शाळेत मान आहे. मले आयुष्यात एकच गोष्ट भेटली, तेही तुमाले खुपून राह्यली काय?" मी त्याच पावली स्टँडवर गेले, आणि बस यायला उशीर होता म्हणून परत आले. तू तोवर माझ्यासाठी चहा टाकला होतास.

नागपूरला न्यायला दादाला मीच भरीस पाडलं. जखम भरत नाही, एवढंच कारण सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणतात म्हणून मी कोणी म्हातारा धरून चालले होते, तर हा तरुण, डोळ्यांवर चष्मा, बोलायला मऊ. त्यानं डोळे मिटायला सांगून पायांना टाचणी टोचली, कापूस फिरवला. लोखंडी चिमटा वाजवून घोट्यावर टेकवला आणि विचारलं, थरथर जाणवते का? तू प्रत्येक वेळी 'नाई' म्हणालीस, आणि तो प्रत्येक वेळी थोडा वर सरकला. मोजा जिथवर येतो तिथवर तुझे पाय मुके झाले होते. मग त्यानं तुझं पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि सोनोग्राफीच्या त्या नव्या यंत्राखाली पाठवलं. परत आलो तर त्यानं तुला काही न विचारता दादाला हळूच विचारलं, "बाई दारू घेतात का?"

दादाचा चेहरा! तो खुर्चीवरून उठलाच. "डाक्टरसाहेब, जबान सांभाळून बोला!" मी मध्ये पडणार तोच तू हसायला लागलीस. "अवो, मी तं खोकल्याचं औषधही वासानं सोडून देते," तू म्हणालीस, आणि तोंडाला पदर लावून हसतच राहिलीस. डॉक्टरही हसला. मग त्यानं दादाला बसवलं आणि समजावून सांगितलं. लिव्हरवर चरबी चढली आहे, पिणाऱ्यांच्या लिव्हरवर चढते तशीच. पण थेंबही न घेणाऱ्या माणसांत हे असतं, हे आता कुठे डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं आहे. अंगात चरबी साठली, गोडधोड जास्त, हालचाल कमी, साखर काठावर येऊन बसलेली. या सगळ्यात लिव्हर बिघडतं आणि पायांच्या नसाही. "या दोघांचा आपसात नेमका धागा कसा आहे, ते मला आज सांगता येणार नाही," तो म्हणाला. "पण मी अशा पेशंटचं लिव्हर पाहिलं की पायही पाहतो, आणि पाय असे दिसले की पोटही पाहतो. दोन आजार समजू नका."

मी विचारलं, बरं होईल का? तो म्हणाला, लिव्हर फार सोशिक असतं, वजन उतरवलं तर ते सावरतं. नसांचं तसं नाही, त्या हळू असतात, जेवढं परत येईल तेवढं आपलं. औषधापेक्षा चालणं आणि तोंड आवरणं. आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. तू मान खाली घातलीस. मला माहीत होतं तुझ्या मनात काय आलं ते. चैत्र.

परतीच्या पॅसेंजरमध्ये दादा काटोल येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "ही गोष्ट घराच्या बाहेर जाणार नाई. लिव्हर म्हटलं की लोक दारूच समजतात. माह्या बायकोचं नाव मी कोणाच्या तोंडी येऊ देणार नाई." त्याचंही चूक नव्हतं. बाईमाणूस, आणि लिव्हर! पांढुर्ण्याच्या बाजारात ही बातमी सकाळी निघाली असती तर दुपारपर्यंत तुझ्या हातात बाटली आली असती. तेव्हा तू त्याच्या शब्दात राहिलीस, आणि पाय मातामायचेच राहिले.

पण वहिनी, त्यानंतर तू जे केलंस त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. मला वाटलं होतं, चार दिवस करशील. तू खरा उपास सुरू केलास. उपास म्हणजे उपास, नुसतं ताक. पेढ्यांचा पुडा दादाला परत न्यायला लावलास. पहाटे बगिच्यात संत्र्यांच्या रांगांमधून चालायला लागलीस, दादानं आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. लुगड्याखाली ते बूट कोणी पाहू नये म्हणून झाडांच्या आत-आतून चालायचीस. मी एकदा मागून येऊन 'परेड सावधान' म्हटलं तर खरंच थांबलीस. रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहायचीस. "लोक तोंड पाह्यतात आरशात, मी पाय पाह्यते," म्हणायचीस. टाचेची जखम भरली. पोट उतरलं. चोळ्या उसवून नव्यानं शिवाव्या लागल्या. डॉक्टरनं पुढच्या खेपेला पुन्हा यंत्राखाली पाहिलं आणि म्हणाला, लिव्हर बरंच निवळलं आहे. तू मला कोपरानं ढोसलंस, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरीसारखं.

आणि मग ती दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. मी अजून अंथरुणात. तू मोरीतून ओरडलीस, "बाई! अवो बाई! उठा!" मला वाटलं, पडलीस. धावत आले तर तू बूट काढून मोरीच्या फरशीवर उभी, डोळ्यांतून पाणी गळतं आहे. "गार आहे," तू म्हणालीस. "फरशी गार आहे, बाई. मले गार लागून राह्यलं!" बोटं अजून मुकीच होती, पण टाचांना आणि तळव्यांच्या मधल्या भागाला कळत होतं. आपण दोघी त्या मोरीत वेड्यासारख्या उभ्या. दादा दारात आला, त्याला काही समजेना. तू त्याला म्हणालीस, "तुमीही उभे राहून पाह्या ना, किती गार आहे ते!" आणि तोही मुकाट्यानं येऊन उभा राहिला. माझ्या आयुष्यात मी एवढी सुखी क्वचित झाले असेन.

मला वाटलं, आता तू बायांना सांगशील. चैत्र आला, मी मुद्दाम आले. म्हटलं, "आता खरं काय ते सांग. पाय बरे होऊ लागले, आता लपवायचं काय?" तू कळशी घेतलीस, बूट काढलेस आणि निघालीस. मी तुझ्यामागे ओरडत सडकेपर्यंत गेले. त्या फरशीवर तू पुन्हा तशीच उभी राहिलीस, धार न मोडता. पण या वेळी मी तुझ्या जबड्याकडे पाहत होते. तुला लागत होतं. तुला चांगलंच लागत होतं!

घरी येऊन गार पाण्यात पाय सोडलेस तेव्हा मी तोफ डागली. डॉक्टरनं काय सांगितलं होतं, एवढ्या कष्टानं मिळवलेले पाय पुन्हा भाजून घेतेस, कोणासाठी, तबकासाठी? तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बाई, पह्यले मले काहीच लागत नव्हतं, तवा लोक पाया पडत होते. मले रोज लाज वाटे. फुकटचं घेऊन राह्यली असं वाटे. आज खरं सोसलं. एक डाव तरी मायले खरं पाणी घालू द्या मले."

मी तेव्हा रागातच होते, म्हणून म्हटलं, "हे सगळं मला कळतं. पण या मोहल्ल्यात आणखी कोणाचे पाय मुके असतील तर? ती तुझ्याकडे पाहून देवाचे आभार मानत बसेल." तुझा चेहरा एकदम उतरला. हे तुझ्या मनातच आलं नव्हतं. बराच वेळ पाण्यात पाय हलवत बसलीस. मग म्हणालीस, "खरं आहे. सांगीन. पुढल्या चैतात, ओट्यापाशीच, सगळ्यायच्या समोर सांगीन. आता एकदम नाई जमत मले." मी म्हटलं, पुढचा चैत्र कशाला, उद्या सांग. तू म्हणालीस, "तुमाले प्रत्येक गोष्टीची घाई."

घाई मला नव्हती, वहिनी, तुला होती. संत्र्याचा तोडा सुरू झाला आणि तू गेलीस. बगिच्यातच, चालता चालता, झाडाला टेकून बसलीस ती उठलीच नाहीस. छातीनं दगा दिला म्हणतात. पायांत बूट होते. ते मी काढले. तळव्यावर नखाएवढीही जखम नव्हती. इतके नीट सांभाळलेले पाय मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत, आणि मला रडू आलं ते तेव्हा आलं.

मला तुझ्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे, जे मी कधी बोलले नाही, कारण आपण गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हतो. मी लग्न करणार नाही, सौंसरला एकटी राहून नोकरी करणार, असं म्हटलं तेव्हा सगळं घर उलटलं होतं. दादा तर आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. तू नवी नवरी, आवाज वर काढायची सोय नाही. तू काही बोललीही नाहीस. फक्त माझी पेटी भरलीस, त्यात तवा, पोळपाट-लाटणं, कणीक ठेवलीस आणि ती दारात आणून ठेवलीस. दादानं विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "बाईची बस आहे." माझा सगळा मान, ज्याचा तू मला एकदा टोमणा दिलास, तो त्या पेटीतून आला होता. तुला हे माहीत होतं का? नसेल तर आता ऐक.

चार वाजायला आले. ओसरीवर आवाज येतो आहे. उठते.

वहिनी, मघाशी लिहिणं अर्धं टाकून गेले होते. आता दिवा लागला आहे आणि घर रिकामं झालं आहे. काय झालं ते सांगते.

बाया येऊन बसल्या. मी मनात वाक्यं जुळवली होती, पण पहिल्या वाक्यापाशीच थांबले. लिव्हर म्हणायचं की नाही? नुसतं 'पाय आजारी होते' म्हणावं, तर विचारतील, कशानं? मी अशी घुटमळते आहे तोच मागून दादा आला. तो कधी बायांच्या बैठकीत येत नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "पादुका बसवू नका."

दादा म्हणाला, "तिच्या पायाले ऊन लागत नव्हतं, हे खरं. पण ते मायनं केलेलं नव्हतं. नसा सुन्न झाल्या होत्या. लिव्हरवर चरबी होती. ज्याले जे समजायचं ते समजा, पण तिनं उभ्या जन्मात दारूचा थेंब नाई घेतला. गोड खाल्ल्यानं अन् बसून राह्यल्यानं झालं ते. पेढे मीच आणून देत होतो." इथे त्याचा आवाज फाटला. "मंग तिनं इलाज केला. दोन वर्षं तोंड बांधून राह्यली, चालली, अन् पाय परत आणले. हे तिले तुमाले सांगायचं होतं. मीच बोलू दिलं नाई तिले. तुमाले तिची आठवण ठेवायची असन, तं हे ध्यानात ठेवा."

माझा भाऊ एवढी वाक्यं सलग बोलला आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

बायांना ते रुचलं नाही. एक म्हणाली, "मेल्या बाईची कायले बदनामी करता भाऊ?" दुसरी म्हणाली, दुःखानं माणूस काहीही बोलते. कोणी 'लिव्हर' हा शब्द दुसरीच्या कानात सांगितला, ते मी पाहिलं. एकेक करून त्या उठल्या. चहा तसाच राहिला. उद्या बाजारात काय बोलणं होईल ते होईल. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. दादा आत जाऊन पुन्हा भिंतीला टेकला. या वेळी त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि चेहरा जरा सैल वाटत होता.

मी कप उचलायला ओसरीवर गेले तर कौसाबाई तिथेच. बाकीच्या फाटकाबाहेर गेल्या होत्या, ही खांबाआड बसलेली. मला वाटलं, आता ही भांडणार. सगळ्यांत मोठी भक्तीण हीच. मी तोंड उघडायच्या आधी तिनं इकडेतिकडे पाहिलं, लुगडं घोट्यावर ओढलं आणि पाय पुढे केला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"मालूम नाई. काल पाय धुताना दिसलं." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "बाई, चैतात काकूच्या बाजूले मी उभी राह्यची ना, पाय न हालवता? लोकायले वाटे मी तिची बरोबरी करून राह्यली. मले खरंच लागत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कशी बोलू? तिचा मान एवढा मोठा. मी म्हटलं असतं, मलेही लागत नाई, तं साऱ्या म्हणल्या असत्या, पाह्य, नक्कल करून राह्यली." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "बाई, भाऊनं सांगतलं ते खरं आहे काय? याचा इलाज होते?"

"होतो," मी म्हटलं. "वहिनीचा झाला."

मग तिनं पाय लुगड्याखाली घेतला आणि हळूच म्हणाली, "मंग मलेही घेऊन चाला."

तिची जखम मी धुऊन बांधली आहे. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघी नागपूरला जातो आहोत.